डिस्कवरचा तांबडा थर आणि आंबा घाट

प्रश्न : आमची पाच वर्षांची छोटी हॅचबॅक रत्नागिरीत अंगणात पत्र्याच्या शेडखाली असते. समुद्र चालत दहा मिनिटांवर. मी निवृत्त शिक्षिका. गाडी मीच चालवते, पण यंदा गुडघ्याच्या दुखण्यामुळे जूनच्या मध्यापासून ती जागची हललेली नाही. परवा अलॉय व्हीलच्या फटीतून पाहिलं, तर पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक डिस्क तांबड्यालाल झालेल्या. गॅरेजवाला उभ्या उभ्या बघून म्हणाला, "दोन्ही डिस्क आणि पॅड बदला, नाहीतर घाटात ब्रेक लागणार नाहीत." शेजारचे म्हणतात, इंजिन ऑइलचा बोळा फिरवा, गंज निघून जाईल. भाच्याची मोटरसायकल त्याच शेडमध्ये तेवढेच दिवस उभी आहे आणि तिची डिस्क आरशासारखी चकचकीत. मग माझ्याच गाडीला कंपनीनं हलका माल लावला का? गणपतीनंतर आंबा घाटातून कोल्हापूरला जायचं आहे. डिस्क बदलू की नको?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी शेजाऱ्यांना तो तेलाचा बोळा खाली ठेवायला सांगा. तुमच्या पत्रातली सगळ्यात घातक सूचना तीच आहे. गंजलेली डिस्क गाडी थांबवते, थोडी कुरकुर करून का होईना. तेल लागलेली डिस्क थांबवत नाही. शिवाय डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरनं धुऊन काढता येतं, पण डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून थांबवणारा पॅड ते शोषून घेतो आणि मग तो फेकण्याच्याच लायकीचा राहतो. घट्ट बसलेले नट सोडवायला मारतात त्या स्प्रेलाही हेच लागू. चाकाच्या आसपास कुठंही मारायचा झाला तरी डिस्कवर कापड धरून मारा.

आता गंजाचं मूळ. कारची डिस्क बिडाची असते, म्हणजे ओतीव लोखंडाची. तुमच्या आंबोळीच्या तव्याची आणि तिची जात एकच. तवा ओला ठेवला की सकाळी तांबडा होतो, म्हणून आपण त्याला तेलाचा हात लावून ठेवतो. डिस्कला तेल चालत नाही, रंगही चालत नाही, कारण तिचा सगळा उपयोग पॅडनं तिला घासण्यात आहे. नव्या डिस्कवर कारखान्यातून एक करडा संरक्षक लेप बऱ्याचदा येतो. पॅड फिरतो त्या भागावरचा लेप पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातो आणि मधल्या टोपीवर व कडेला तेवढा उरतो. त्यामुळे घासायचा पृष्ठभाग कायम उघडा. हवेतलं बाष्प त्यावर बसलं की काही तासांत नारिंगी पूड धरते. पावसाळ्यातल्या रत्नागिरीची हवा, त्यात समुद्रावरून येणारे मिठाचे कण. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज भराभर वाढवतं. दोन-अडीच महिन्यांत डिस्क तांबडी झाली नसती, तर मला जास्त आश्चर्य वाटलं असतं.

मोटरसायकलचं कोडंही यातच सुटतं. दुचाकीची डिस्क बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची असते. दुचाकीचं वजन कमी, डिस्क पातळ आणि मोकळ्या हवेत, म्हणून तिला स्टेनलेस परवडतं. कारचा हिशेब वेगळा आहे. हजार किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली, की जी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते, तिच्यात साधारण पाऊण लिटर गार पाणी उकळीला येईल. एका थांबण्यात एवढी, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर. ही उष्णता झटकन पसरवायला बीड फार चांगलं. त्यातल्या कार्बनच्या बारीक पापुद्र्यांमुळे ते उष्णताही नेतं आणि ब्रेकची किंचाळीही दाबतं. स्टेनलेसमधून उष्णता त्या मानानं फार हळू पसरते. म्हणजे तुमच्या गाडीला माल हलका लावलेला नाही, त्या कामाला जो हवा तोच लावलाय. पूर्वीच्या गाड्यांच्या डिस्कही अशाच गंजायच्या. लोखंडी चाकावर प्लॅस्टिकचं कव्हर असल्यामुळे कुणाला दिसत नव्हत्या, इतकंच. अलॉय व्हीलनं ते झाकण काढलं आणि लोक घाबरायला लागले.

गॅरेजवाल्यानं उभ्या उभ्या निदान केलं, हे मात्र मला पटलेलं नाही. दोन महिने उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्ककडे बघून काहीही ठरवता येत नाही. गंजाची परीक्षा गाडी चालवल्यानंतर करायची. तीस-चाळीस किलोमीटर नीट ब्रेक लावत गाडी फिरली आणि त्यानंतरही घासायच्या पृष्ठभागावर गंज उरला, तर काळजीचं कारण आहे. पॅडनं घासून डिस्क पुन्हा पांढरी झाली, तर जे दिसलं होतं ते वरवरचं होतं. बाहेरची कड आणि मधली टोपी कायम तांबडी राहते, कारण तिथं पॅड पोचतच नाही. तिच्याकडे बघायचंही नाही.

तेव्हा आधी गाडी हलवा, पण घाईनं नाही. चाकांत हवा भरून घ्या. दोन महिन्यांत ती नक्की उतरली असेल. इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेकचं पेडल जोरात दाबून धरा. ते वर घट्ट राहिलं पाहिजे. हळूहळू खाली जायला लागलं किंवा स्पंजासारखं लागलं, तर गाडी फाटकाबाहेर काढू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. पेडल ठीक असेल तर हँडब्रेक सोडा आणि पहिल्या गियरमध्ये हलका क्लच सोडून बघा. "टक्" किंवा "कड्" असा आवाज येऊन गाडी सुटेल. पॅड डिस्कला गंजानं चिकटलेले असतात, ते सुटल्याचा हा आवाज. गाडी मागच्या बाजूनं अडल्यासारखी वाटली, तर हँडब्रेक ओढून ठेवला होता असं समजा. तुमच्यासारख्या छोट्या गाड्यांना बहुधा मागं ड्रम ब्रेक असतात, आणि हँडब्रेक त्या ड्रमवरच काम करतो. आतले ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. एकदा पुढं, एकदा मागं अशी हळुवार हालचाल करून पाहा. तरी सुटलं नाही, तर रेस करून ओढाताण करू नका, शूचं अस्तर उखडून येतं. मिस्त्री ड्रमवर लाकडी हातोडीनं ठोकून तो मोकळा करतो, पाच मिनिटांचं काम आहे.

बाहेर पडल्यावर पहिले काही ब्रेक खर्रर्र करत लागतील. ते ऐकून घाबरू नका, पॅड गंज खरवडतोय. सकाळी लवकर मोकळा सरळ रस्ता बघा, मागं कुणी नाही याची खात्री करा आणि ताशी चाळीस-पन्नासवरून मध्यम दाबानं वेग दहा-पंधरापर्यंत उतरवा. मग थोडं अंतर ब्रेक न लावता जाऊ द्या, डिस्क गार होतील, आणि पुन्हा तेच. आठ-दहा वेळा केलंत की खरखर बरीच कमी झालेली असेल. नुसतं पाय टेकवत टेकवत ब्रेक लावला तर गंज निघत नाही, दाब द्यावा लागतो.

यानंतर तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पेडल पायाखाली धडधडतंय का, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक असा ठोका? उभ्या गाडीत पॅडखालची जागा झाकलेली राहते आणि बाकीची गंजते, त्यामुळे डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग उमटतो. तिथं जाडीत केसाएवढाही फरक नसतो, पण मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाचा फरकसुद्धा पायाला कळतो. ही धडधड बऱ्याचदा काही दिवसांच्या वापरात विरून जाते. महिनाभरातही गेली नाही, तर डिस्क लेथवर लावून साफ करता येते का ते बघावं लागेल. दुसरं, ब्रेक लावताना स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का? तिसरं, चार-पाच किलोमीटर फारसे ब्रेक न लावता गाडी चालवा, थांबवा आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरून बघा. डिस्कला हात लावायचा नाही, कातडी सोलून निघेल. अलॉयच्या जवळ नुसता धरायचा. एक चाक कोमट आणि दुसरं तापलेलं असेल, किंवा जळकट वास येत असेल, तर तिथला कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड, अडकलाय.

आणि या कॅलिपरबद्दलच मला तुमच्याशी जास्त बोलायचंय, कारण किनाऱ्यावरच्या गाड्यांत खरा खेळ तिथं असतो. छोट्या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. तो आतला पॅड दाबतो, आणि त्याच्या उलट ताणानं सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. या पिना रबरी टोप्यांत ग्रीसमध्ये बसलेल्या असतात. टोपी फाटली किंवा ग्रीस सुकलं, की आत ओल आणि मीठ शिरतं, पिन गंजते आणि सरकायची बंद होते. मग एकच पॅड घासत राहतो, दुसरा नुसता बसून. बाहेरून बघावं तर डिस्क छान चकचकीत, आणि आतली बाजू, जी चाक काढल्याशिवाय दिसत नाही, ती गंजून खवले धरलेली. कधी याच्या उलट. अशा गाड्यांचे मालक निर्धास्त असतात, कारण त्यांना फटीतून दिसणारी बाजू पांढरी असते. तुमच्या गाडीची दिसणारी बाजू तांबडी आहे, एवढ्यावरून ती त्यांच्यापेक्षा वाईट आहे असं मुळीच नाही.

म्हणून गॅरेजमध्ये जाल तेव्हा "डिस्क बदला" किंवा "बदलू नका" असं काहीच सांगू नका. चाकं काढून डिस्कची आतली बाजू दाखवा म्हणा. तुमच्यासमोर. तिथं बघायचं ते असं : पॅडच्या पूर्ण रुंदीएवढा पट्टा पांढरा आहे, की मध्ये किंवा कडेला गंजाची पट्टी उरली आहे? नखानं हलकं खरवडल्यावर नख अडेल असे खड्डे आहेत का? पापुद्रे निघतायत का? कडेला उंचवटा किती? पुढच्या डिस्क पोकळ असतील, म्हणजे दोन तबकड्यांमध्ये हवा जायला फटी असतील, तर टॉर्चचा उजेड पाडून त्या फटींतही बघा. आतल्या पाकळ्या गंजून झडायला लागल्या असतील, तर बाहेरून डिस्क कितीही बरी दिसली तरी ती बाद.

जाडी मोजायला लावा. किमान किती जाडी चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं, कडेला किंवा टोपीवर, मिलिमीटरमध्ये. गंजानं आकडा बुजला असेल तर तारेच्या ब्रशनं घासला की दिसतो. नवी डिस्क आणि किमान जाडी यांत बहुधा दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो, तेव्हा डोळ्यांनी अंदाज करण्याला अर्थ नाही. एक मेख सांगून ठेवतो : साधा व्हर्निअर लावला तर त्याचे जबडे कडेच्या गंजलेल्या उंचवट्यावर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मायक्रोमीटर हवा, आणि चार-पाच ठिकाणी मोजायला हवं. पॅडचं घर्षणाचं अस्तर तीन मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर पॅड बदला, त्यात काटकसर नको.

मग पिना बाहेर काढून, साफ करून, ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं ग्रीस लावून परत बसवायला सांगा. डब्यातलं साधं पिवळं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. कॅनडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथली गॅरेजं हे काम दर वर्षी करून घ्यायला सांगतात. तुमच्या गाडीला मीठ रस्त्यावरून नाही तर वाऱ्यावरून मिळतं, पण सवय तीच चांगली. पावसाळा संपला की एकदा.

तुमचा गॅरेजवाला लबाड आहे असं मी म्हणणार नाही. डिस्क बदलणं हे अर्ध्या तासाचं खात्रीचं काम, गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन येत नाही. पिना सोडवत बसणं हे चिकट, वेळखाऊ आणि त्याचे पैसे मागितले तर लोक नाकं मुरडतात. पण पिन अडकलेली तशीच ठेवून नवी डिस्क घातली, तर ती पुढच्या पावसाळ्यात याच अवस्थेत येणार, हे त्याला विचारून बघा. साफसफाईचे पैसे हसत द्या.

खड्डे पडले असतील, जाडी संपत आली असेल, किंवा लेथवर घासल्यावर किमान जाडीच्या खाली जात असेल, तर मात्र बदला. बदलायच्या तर दोन्ही बाजूंच्या एकदम, आणि पॅडसह. जुना पॅड जुन्या डिस्कच्या खाचांप्रमाणे झिजलेला असतो, तो नव्या डिस्कवर नीट बसत नाही. नव्या जोडीला एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. वर सांगितली तशीच ब्रेकची सौम्य उजळणी आणि नंतरचे शे-दोनशे किलोमीटर सांभाळून. निघायच्या आदल्या संध्याकाळी नवे पॅड टाकून पहाटे घाटाला लागायचा बेत करू नका.

आता घाट. "घाटात ब्रेक लागणार नाहीत" हे वाक्य गॅरेजवाल्यानं चुकीच्या कारणासाठी वापरलं, पण ते अगदीच पोकळ नाही. तुमची गाडी पाच वर्षांची. ब्रेक ऑइल कधी बदललंय? पत्रात काही नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत उत्तर "कधीच नाही" असं असतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, कोकणात तर जास्तच. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांपर्यंत खाली येते, डॉट ३ असेल तर १४०. आंबा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला, की कॅलिपरमध्ये ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पेडल तळाला टेकतं आणि गाडी चालतच राहते. डिस्क कितीही नवी असली तरी. साधारणपणे दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत कोणतं आणि कधी ते दिलेलं असेल. चाकं निघालेली असतानाच हे करून घ्या. आणि मिस्त्री गाडीखाली वाकलाच आहे, तर ब्रेकच्या लोखंडी पाइपांवर आणि त्यांच्या जोडांवर टॉर्चचा उजेड पाडायला सांगा. पाइपवर फुगलेला, खवल्यांचा गंज दिसला तर तो पाइप लगेच बदला. डिस्कच्या गंजाला मी सवलत देतो, पाइपच्या गंजाला नाही.

जाताना चढ असेल, परतीच्या वाटेवर घाट उताराचा. दुसऱ्या गियरमध्ये, वेळ पडली तर पहिल्यातही, इंजिनच्या ओढीवर उतरा. ब्रेक हवा तेव्हा ठाम दाबायचा आणि पुन्हा सोडायचा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे लोक तुमच्या ओळखीत असतीलच, त्यांच्या नादी लागू नका. आणि तुमच्या उजव्या गुडघ्याचं काय, ते मला कळलेलं नाही. अचानक सगळा जोर लावून ब्रेक दाबायला तो तयार नसेल, तर गाडी भाच्याच्या हाती द्या.

पुढच्या पावसाळ्यासाठी थोडकं. उभ्या गाडीचा हँडब्रेक सोडून ठेवा. सपाट जागा, पहिला गियर आणि चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळा. गाडी धुतलीत तर लगेच शेडमध्ये लावू नका, गल्लीतून एक चक्कर मारून ब्रेक सुकवून आणा. धुवायला गोडं पाणी वापरा, विहीर मचूळ असेल तर नळाचं. प्लॅस्टिकचं अंगभर झाकण घातलं की आत ओल कोंडते, पत्र्याखाली त्याची गरजही नाही. आणि भाचा तिथं असतोच, तर आठवड्यातून एकदा त्याला वीस-पंचवीस मिनिटं गाडी बाहेर काढायला सांगा, दोन-चार सणसणीत ब्रेक मारून. अंगणातल्या अंगणात इंजिन सुरू करून दहा मिनिटांनी बंद करतात, तसं नको. त्यात ब्रेकही साफ होत नाहीत आणि बॅटरीही धड भरत नाही.